औषध देणारा शेवटचा हात

औषध रुग्णाच्या पोटात किंवा शिरेत जाईपर्यंत त्याला अनेक हात लागतात. डॉक्टर ते लिहितात, औषधनिर्माण अधिकारी कपाटातून काढून देतात, परिचारिका ते मोजते, भरते आणि देते. लिहिताना झालेली चूक औषध काढताना सापडू शकते, काढताना झालेली चूक खाटेपाशी सापडू शकते. परिचारिकेच्या हातून झालेली चूक पकडायला मात्र पुढे कोणी उरत नाही. औषध सुरक्षितपणे देणे हा शुश्रूषेतला स्वतंत्र अभ्यासविषय झाला, तो या कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये याच प्रश्नावर जगभरची मोहीम सुरू केली आणि औषधांमुळे होणारी गंभीर पण टाळता येणारी इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. १७ सप्टेंबर २०२२ चा जागतिक रुग्णसुरक्षा दिनही औषधसुरक्षेच्याच नावे पाळला गेला.

या विषयावरचे बहुतेक लेखन मोठी रुग्णालये डोळ्यांसमोर ठेवून झाले आहे. जोखमीचे औषध दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे तपासावे, रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा यंत्राने वाचावा, मात्रा संगणकाने काढून द्यावी, अशा त्यातल्या सूचना असतात. बीड तालुक्यातले लिंबागणेश या चित्रात बसत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांतले, भालचंद्र गणपतीमुळे ओळखले जाणारे हे गाव. अशा गावांची भिस्त प्राथमिक आरोग्य केंद्रावर असते. सरकारी निकषाप्रमाणे सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे असे एक केंद्र असते. तिथे ५-६ खाटा, बाळंतपणाची खोली, लसीकरण, साप-विंचवाचे उपचार आणि बीपी-शुगरच्या गोळ्या हे सगळे एकाच छताखाली चालते. रात्री पुष्कळदा एकच परिचारिका ड्यूटीवर असते. ‘दुसरीकडून तपासून घ्या’ हा नियम तिने पाळायचा म्हटला, तरी दुसरी आणायची कोठून? छोट्या केंद्रातली सुरक्षितता रात्री दोन वाजताच्या हुशारीवर सोडता येत नाही. ती दिवसाउजेडी मांडून ठेवावी लागते. ट्रे, कपाट, तक्ता आणि वही यांतून ती उभी राहते.

शुश्रूषेच्या पहिल्या वर्षापासून विद्यार्थिनींकडून पाच ‘योग्य’ घोकून घेतले जातात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पुढे त्यात योग्य नोंद, योग्य कारण यांचीही भर पडली. ही यादी चांगली आहे, पण कुठे पोचायचे एवढेच ती सांगते. कसे पोचायचे ते सांगत नाही. चूक करणाऱ्या परिचारिकेलाही ही यादी पाठ असतेच.

रुग्ण ओळखणे गावात सोपे वाटते, आणि धोका तिथेच सुरू होतो. एका आडनावाची वीस घरे, एका नावाच्या चार आजीबाई. त्यातून बायकांची नावे लग्नानंतर बदलतात. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते, तेव्हा आधार कार्डावर सासरचे नाव असते, माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या गावचे असते आणि आई तिला माहेरच्या नावाने हाक मारते. अशा वेळी ‘तुम्हीच ना त्या?’ असे विचारले की थकलेला माणूस मान डोलावतो. सिस्टरला नाही म्हणायचा संकोच असतोच. म्हणून नाव आपण सांगायचे नाही, रुग्णाकडून वदवून घ्यायचे: पूर्ण नाव, गाव, वय. त्याच दमात ‘आधी कुठल्या इंजेक्शनाची रिॲक्शन आली होती का?’ हेही विचारायचे. त्याचे उत्तर केसपेपरच्या माथ्यावर लाल शाईने लिहिले तर पुढच्या पाळीलाही उपयोगी पडते.

योग्य औषधाचा प्रश्न दिसण्याशी बांधलेला आहे. काचेच्या छोट्या अँप्युलवरची अक्षरे मुंगीएवढी असतात, आणि बाळंतपणाच्या खोलीत त्यांचा गोंधळ जिवावर बेततो. जन्मलेल्या बाळाला रक्तस्राव होऊ नये म्हणून व्हिटॅमिन के देतात. आईचा रक्तस्राव थांबावा म्हणून मिथाइलअर्गोमेट्रिन देतात. दोन्ही अँप्युल इवल्याशा, दोन्ही तपकिरी काचेच्या असू शकतात आणि दोन्ही लागतात त्याच अर्ध्या तासात. आईचे औषध चुकून बाळाला टोचले गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. बाळाला झटके येतात, श्वास थांबतो. ‘लक्षपूर्वक वाचा’ अशी पाटी लावून हे टळत नाही. बाळाचा ट्रे बाळाच्या वॉर्मरपाशी आणि आईचा आईच्या टेबलापाशी ठेवला, एका ट्रेमधली वस्तू दुसऱ्यात जाणार नाही असे पाहिले, तर घाईतला हातसुद्धा चुकीच्या अँप्युलवर पडत नाही. पोटॅशियम क्लोराईडचेही तसेच. ते डिस्टिल्ड वॉटरसारखेच पारदर्शक दिसते आणि थेट शिरेत ढकलले तर हृदय बंद पाडते. त्याची जागा रोजच्या ट्रेमध्ये नाहीच. ते वेगळ्या खणात, कुलपात असायला हवे.

रंगाच्या ओळखीवरही विसंबता येत नाही. सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली की लेबलचा रंग बदलतो. मागच्या महिन्यात निळ्या पट्टीची असलेली अँप्युल या महिन्यात दुसऱ्याच औषधाची निघू शकते. लेबल तीनदा वाचण्याची जुनी शिस्त इथे कामी येते: कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना आणि रिकामी अँप्युल टाकून देण्याआधी. रंगाचा उपयोग सगळ्या राज्यभर एकसारखा ठरवून केला तर मात्र तो खरा आधार होतो. लोहाच्या गोळ्यांचे रंग असेच ठरवलेले आहेत: लहान मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी, गरोदर मातेला लाल. अंगणवाडीतल्या बाईंना मिलिग्रॅम पाहण्याआधीच गफलत कळते.

मात्रेच्या चुकांत महाराष्ट्रातल्या केसपेपरची एक खास अडचण आहे. मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच कागदावर नांदतात. मराठी एक घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. ‘चार मिलि’ आठ झाले तर दोष अक्षराचा म्हणायचा की वाचणाराचा, हा वाद निष्फळ आहे. केंद्राने एकच अंकलिपी ठरवावी आणि जोखमीच्या औषधाची मात्रा अक्षरीही लिहावी, हे बिनखर्चाचे काम आहे. दशांशचिन्हाचेही तसेच: अर्धा मिलि लिहिताना आधी शून्य हवे, आणि पूर्ण एक लिहिताना पुढे बिंदू-शून्य नको, नाहीतर एकाचे दहा होतात. डॉक्टरांनी औषधांची जनरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये केला.

इन्सुलिनची गोष्ट आपल्या देशापुरती विशेष आहे. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची अशी दोन्ही इन्सुलिने मिळतात. सिरिंजही दोन तऱ्हेच्या असतात: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरून २० व्या रेघेपर्यंत ओढले तर रुग्णाच्या अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, शुद्ध हरपते, आणि शेजारच्या खाटेवरचे लोक म्हणतात, म्हाताऱ्याला झोप लागली.

तान्ह्या बाळाच्या औषधात तर थेंबाथेंबाचा हिशेब असतो. जंतुसंसर्ग झालेल्या नवजाताला पुढे पाठवण्याआधी जेंटामायसिनचा पहिला डोस देतात. समजा, बाळ अडीच किलोचे आहे आणि मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे १२.५ मिलिग्रॅम. व्हायल ८० मिलिग्रॅमची, २ मिलिलिटरची. एका मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम. मग भरायचे साधारण ०.३१ मिलिलिटर. रडणारे बाळ, दारात उभी आजी आणि बाहेर सुरू झालेली १०८ ची गाडी, यांच्यामध्ये हा भागाकार करायचा असतो. यात एक सोय दडलेली आहे: इन्सुलिनच्या ४० युनिटच्या सिरिंजमध्ये एक मिलिलिटरचे ४० भाग असतात, त्यामुळे या व्हायलसाठी एक रेघ म्हणजे बरोबर एक मिलिग्रॅम. पण हीच सोय १०० च्या सिरिंजमध्ये घात करते. तिथे साडेबारा रेघा म्हणजे जेमतेम ५ मिलिग्रॅम. तेव्हा कुठले वजन, कुठली व्हायल, कुठली सिरिंज, किती रेघा, हा तक्ता डॉक्टरांनी तपासून भिंतीवर चिकटवलेला असावा. पॅरासिटामॉलही दिसते तेवढे साधे नाही. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते, तर नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५, म्हणजे मिलिलिटरला २५. सिरपच्या चमच्याने थेंबांचे औषध पाजले की बाळाला चौपट मात्रा जाते.

छोट्या केंद्रासाठी आधीच सगळे ठरवून ठेवण्याचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात किंवा बाळंतपणात बीपी चढून झटके आलेल्या बाईला पुढच्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा आरोग्यसेविकेलाही दिलेली आहे. इथे वजन विचारायचे नाही, भागाकार करायचा नाही. २ मिलिलिटरच्या ५० टक्के द्रावणाच्या एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम औषध असते. पाच अँप्युल एका सिरिंजमध्ये, पाच दुसऱ्या सिरिंजमध्ये. एक सिरिंज एका कुल्ल्यात खोल, दुसरी दुसऱ्यात. एकूण १० ग्रॅम. बाई झटक्याने थरथरत असते, तिची सासू दोन्ही हातांनी तिचे पाय धरून असते, आणि सिस्टर एकेक अँप्युल फोडत जाते. दहा अँप्युल, दोन मोठ्या सिरिंज आणि लांब सुया एकाच डब्यात बांधून ठेवल्या असतील तर मोजणी आपोआप होते: डबा रिकामा झाला म्हणजे मात्रा पूर्ण. त्याच डब्यात कॅल्शियम ग्लुकोनेट असावे लागते, कारण औषध जास्त झाले तर श्वास मंदावतो आणि त्यावर उतारा तोच. पुढची मात्रा देण्याआधी श्वास मिनिटाला १६ च्या खाली गेलेला नाही, गुडघ्याचा झटका येतो आणि लघवी होते आहे, या तीन गोष्टी पाहतात. एवढी विचारपूर्वक आखलेली व्यवस्था इतर जोखमीच्या औषधांना का नसावी, हा प्रश्न आरोग्य प्रशासनाने स्वतःला विचारायला हवा.

मार्गाच्या चुकीचे ठळक उदाहरण ॲड्रिनलिन. इंजेक्शनाची तीव्र रिॲक्शन आली, घसा सुजला, बीपी पडले, तर प्रौढाला एक हजारात एक तीव्रतेचे अर्धा मिलिलिटर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचे. तेच घाईत, पातळ न करता, शिरेत गेले तर हृदयाची लय बिघडते. सर्पदंशाच्या वेळी हे औषध सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून हाताशी ठेवावे लागते. बीड भागात शेतात नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चौघेही भेटतात, आणि प्रतिविषाची पहिली मात्रा साधारण ८ ते १० व्हायलची असते. पावडर पाण्यात विरघळवताना व्हायल गदागदा हलवायची नाही, फेस होतो. दोन तळव्यांमध्ये हलकेच फिरवायची. इथे नेहमीच्या सवयीला एक मोठा अपवाद आहे: मुलालाही मोठ्या माणसाएवढेच प्रतिविष द्यायचे, कारण सापाने सोडलेले विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. दयेपोटी अर्धी मात्रा देणारा हात मुलाचे नुकसान करतो.

विंचूदंशाच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला काही दिले आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगडातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असताना तांबड्या विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या रुग्णांच्या मागे लागले आणि प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला. गोळी तोंडाने द्यायची असते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण पहिल्या डोसनंतर बीपी अचानक उतरते. रुग्णाला आडवेच ठेवणे, लघवीलाही उठू न देणे आणि बीपी पुन्हा पुन्हा मोजणे, हा उपचार परिचारिकेच्या हातात असतो.

वेळेच्या चुकांमागे पुष्कळदा व्यत्यय असतात. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन रुग्णालयांतल्या ९८ परिचारिकांचे निरीक्षण करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की औषध देताना येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययागणिक उपचाराशी निगडित चुका सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढतात. गावच्या केंद्रात व्यत्ययाला तोटा नाही: नातेवाइकाचे ‘सिस्टर, जरा बघता का’, वाजणारा फोन, मोबाइलवर भरायची ऑनलाइन माहिती. औषध भरताना पाच मिनिटे कोणी बोलणार नाही, हा नियम गावकऱ्यांना सांगितला तर ते पाळतात. फक्त तो सांगायला कोणीतरी हवे. फोनवरून आलेला डॉक्टरांचा आदेश लिहून घ्यायचा आणि आकड्यासह परत वाचून दाखवायचा; फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात.

स्वच्छतेतली एक छोटी चूक किती लांब जाते, याचे उदाहरण मुंबईच्या इतिहासाशी जोडलेले आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेतून गेलेली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना टोचण्यात आली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. दोष हाफकिन यांच्या माथी मारला गेला. पुढे पुरावे वेगळे निघाले: बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. परळच्या त्या संस्थेला आज हाफकिन यांचेच नाव आहे. आजच्या लसीकरणात त्या चिमट्याची जागा उघड्या व्हायलने घेतली आहे. पेंटाव्हॅलंट, पोलिओ यांच्या उघडलेल्या व्हायल अटी पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येतात, पण बीसीजी आणि गोवर-रुबेला द्रावण मिसळल्यापासून चार तासांनी फेकून द्यावीच लागतात. व्हायलवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली नसेल तर हा फरक पाळणार कसा? द्रावणही लसीसोबत आलेलेच वापरायचे. २०१४ मध्ये सीरियात गोवराच्या लसीत द्रावणाऐवजी स्नायू शिथिल करणारे औषध मिसळले गेले आणि १५ मुले मेली. लसींच्या शीतपेटीत दुसरे कोणतेही औषध ठेवायचे नाही, या नियमामागे असे मृत्यू आहेत.

केंद्राच्या दाराबाहेर गेलेल्या औषधाची जबाबदारी संपत नाही. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो ‘कोयते’, म्हणजे मजुरांच्या जोड्या, ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्यासोबत बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या जातात. बहुतेक गोळ्या पांढऱ्या, गोल. ‘सकाळी एक’ असे सांगितलेले असते, पण तोडीची सकाळ पहाटे तीनला उजाडते आणि भाकरी पोटात जाते उन्हं वर आल्यावर. ग्लिमेपिराईडसारखी गोळी उपाशीपोटी घेऊन फडात उतरलेल्या बाईची साखर मोळी उचलताना उतरते. म्हणून सूचना घड्याळाला बांधायची नाही, भाकरीला बांधायची, आणि तिच्याच तोंडून परत ऐकायची. रिकामी पट्टी फेकू नये, कारखान्यावरच्या डॉक्टरला दाखवता येते, हेही सांगायचे.

चूक झाल्यावर काय करायचे, इथे सगळ्यांत मोठी उणीव आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावी १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने मुले वाचली आणि कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. कोरोनाच्या त्या दिवसांत सॅनिटायझरची बाटली प्रत्येक बूथवर असणारच होती. ती लसीच्या टेबलावर येऊच नये, हे आधी कोणी ठरवायचे, हा प्रश्न निलंबनाने सुटत नाही. शिक्षेच्या धाकाने परिचारिका थोडक्यात टळलेल्या चुका सांगत नाहीत, आणि पुढचा अपघात टाळायला तर त्याच सर्वांत उपयोगी असतात. दुसरे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. बाटलीवर लिहिलेले औषध नेमून दिलेल्या रुग्णाला दिले, पाचही ‘योग्य’ जुळले, तरी माणसे मेली. अशा वेळी उपयोगी पडते ती नोंद: बॅच क्रमांक, वेळ आणि त्यानंतर रुग्णाला काय झाले. २०१० पासून भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. त्याच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर परिचारिकाही थेट कळवू शकते; डॉक्टरांच्या परवानगीची गरज नाही.

राहता राहिली दुसऱ्या डोळ्यांची गोष्ट. एकटीने ड्यूटी करणाऱ्या केंद्रातही दिवसातून एकदोनदा दोन परिचारिका एकत्र असतात, पाळी बदलताना. ही पंधरा मिनिटे बहुतेक ठिकाणी चाव्या आणि रजिस्टर देण्यात जातात. त्याच वेळात दोघींनी मिळून आपत्कालीन ट्रे मोजता येतो: ॲड्रिनलिन किती, मॅग्नेशियमच्या दहा अँप्युल आहेत का, कॅल्शियम ग्लुकोनेट आहे का, ज्यांची मुदत आधी संपते त्या पुढे ठेवल्या आहेत का. रात्री द्यायच्या इन्सुलिनची व्हायल आणि सिरिंज जुळतात का, हे जाणारीने मोठ्याने वाचायचे आणि येणारीने हातात धरून पाहायचे. खाटेवरच्या बाळाच्या पुढच्या डोसचा हिशेब दोघींनी वेगवेगळ्या कागदांवर करायचा आणि उत्तरे जुळली की वहीत लिहून दोघींनी सही करायची. मग दिवसपाळीची सिस्टर घरी जाते.